सोळाव्या घरचं विरजण

वैजू सकाळी साडेसहाला जिना उतरून खाली यायची, तेव्हा तिच्या हातात झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी असायची. आमच्या घराला पुढचं दार आहे, पण ती मागच्या दाराने, मोरीकडून, थेट स्वयंपाकघरात यायची. दह्याच्या मडक्यावरची ताटली उचलायची, आत नाक घालून वास घ्यायची आणि विचारायची, "आजी, हे कालच्याच दह्यानं लावलंय नव्हं?" मी हो म्हणायची. मग ती स्वतः उकळून आणलेल्या चमच्याने दोन चमचे दही डबीत घ्यायची, झाकणावर तारीख लिहायची आणि निघून जायची. ते दही तिने एकदाही तोंडात घातलं नाही. पहिला महिनाभर मला वाटत होतं की पोरीच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. पण भाडेकरू शांत होती, पाणी जपून वापरायची, म्हणून मी काही बोलले नाही.

तिचं पूर्ण नाव वैजयंता. लातूरकडची. चौतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही. खारघरच्या एका कॉलेजात शिकवायची, पण नोकरी कायमची नव्हती. दरवर्षी नव्याने कागद हातात यायचा. कायम व्हायचं तर डॉक्टर व्हावं लागतं म्हणाली. सुई टोचणारा डॉक्टर नाही, पुस्तक लिहिणारा. त्यासाठी तिचा अभ्यास चालला होता. आम्ही कामोठ्याच्या जुन्या गावातले. मिठागरं गेली, शेती गेली, जागेवर तीन मजल्यांचं घर आलं. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू असतात. किती आले नि किती गेले, नावंही आठवत नाहीत. हिचं आठवतं, म्हणून लिहिते आहे.

खोली बघायला आली तेव्हा नळाला पाणी किती वेळ असतं हे तिने विचारलं नाही. प्यायला पाणी मागायला स्वयंपाकघरात आली आणि माझं मडकं बघून उभी राहिली. विरजण कुठलं, विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईचं, माहेरच्या गव्हाण गावचं. आमच्या सासरी भात-मासळी खाणारी माणसं, दही लावायची रीत नव्हती. मी लग्नानंतर माहेरून येताना स्वच्छ फडकं दह्यात भिजवून, सावलीत वाळवून, पातळाच्या घडीत ठेवून आणलं होतं. इथे आल्यावर कोमट दुधात बुडवलं, की लागलं दही. तेव्हापासून एका दह्याचं दुसरं, दुसऱ्याचं तिसरं, असं चालू आहे. हे ऐकून ती तिथेच जमिनीवर बसली आणि पिशवीतून वही काढली. त्या खोलीच्या दाराची कडी नीट लागत नाही हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलंच नाही, आणि राहायला आल्यावर महिनाभर माझ्याकडेच कडीची तक्रार करत होती.

ती काय शोधते ते तिने मला मेथी निवडताना समजावलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी मला समजलं, यात तिची हुशारी. दुधात एक सत्त्व असतं, ते लांबलचक माळेसारखं असतं. विरजणातले जंतू ती माळ कुरतडतात. रात्रभर कुरतडून तिचे तुकडे करतात. त्यातले काही तुकडे फार लहान, दोन-तीन मण्यांचे. आता माणसाच्या अंगात एक कात्री असते. ती कात्री चालली की शिरा आवळतात आणि बीपी वाढतं. दह्यातले ते बारके तुकडे त्या कात्रीत जाऊन अडकतात. कात्री नीट चालत नाही, शिरा सैल राहतात, बीपी उतरतं.

"म्हंजी दही खाल्लं की बीपी उतरतं," मी म्हटलं.

"कदाचित," ती म्हणाली.

हा तिचा शब्द. दिवसातून वीसदा यायचा. पाऊस येईल का, कदाचित. भाऊ दिवाळीला न्यायला येणार का, कदाचित. मी एकदा चिडून विचारलं, "तुमच्या कॉलेजात पक्कं कायच शिकवत नाय का?" तर हसली आणि म्हणाली, "पक्कं बोलणारे लई झालेत आजी. आमचं काम कदाचितचं आहे. ते तुकडे काचेच्या नळीत कात्री अडवतात, हे मी बघायले रोज. पण पोटात गेल्यावर तिथवर टिकतात का, किती खावं लागतं, माणसामाणसात काय फरक पडतो, ते कळायचंय. काही ठिकाणी गुण दिसलाय, काही ठिकाणी नाही."

तिचा स्वतःचा प्रश्न त्याहून लहान होता. घरचं विरजण वर्षभर रोज लावत गेलं, तर त्यात ते तुकडे तेवढेच राहतात की कमी-जास्त होतात, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणून विरजण वर्षभर एकच पाहिजे, मध्ये बदलता कामा नये. तिने गावातली नि आसपासच्या सेक्टरांतली पंधरा घरं धरली होती. बाकीच्या घरी आठवड्यातून एकदा जायची. आमचं घर पहिलं, आणि ती वरच राहत असल्यामुळे आमचं दही रोजचं. सगळ्यांना दूध एकाच तबेल्याचं घ्यायला लावलं. आमच्या मडक्याजवळ भिंतीला उष्णता मोजायची काचेची नळी टांगली. रंजना, माझी सून, म्हणायची की सासूबाई तापल्या तरी कुणी मोजत नाही, दही तापलं की मोजतात.

शेजारचं घर माझ्या जावेचं, हिराचं. दोन्ही घरांची भिंत एक. वैजूने यादी केली तेव्हा साहजिकच त्या घराचं नाव घेतलं. मी म्हटलं, "तिकडं नको जाऊ बाय. तिचं दही बुळबुळीत असतं, तार येते त्याला." तार वगैरे काही येत नव्हती. मी अकरा वर्षांत त्या घरचं काही तोंडात घातलं नव्हतं. हिराने घर बांधताना माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बुजवली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लग्नकार्यात मांडवात समोरासमोर यायचं, हळदीकुंकू घ्यायचं, पण शब्द नाही. वैजूला हे माहीत नव्हतं. तिने हिराचं नाव यादीतून काढलं.

आता गोळ्यांची गोष्ट सांगते. मला बीपी आहे, दहा वर्षं झाली. रोज सकाळी एक गोळी. मेथी निवडताना जे ऐकलं ते माझ्या डोक्यात बसलं होतं. घरात एवढं दही आहे, त्यात तुकडे आहेत, तर गोळी कशाला? मी रोज दुपारी तांब्याभर ताक प्यायला लागले, वर मीठ-जिरं, आणि गोळी बंद केली. कुणाला बोलले नाही. सहाव्या दिवशी वैजू डबी भरायला आली आणि फळीवर गोळ्यांची पट्टी होती ती तिने उचलली. मोजली. मग पुन्हा मोजली.

मी तिला कधी रागावलेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली, पण आवाज तिने चढवला नाही. तिने मला स्टुलावर बसवलं, हातात गोळी दिली, भांड्यात पाणी दिलं आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग सांगितलं. तिच्या बापाला बीपी होतं. गावात कुणीतरी सांगितलं की रोज उपाशीपोटी लसूण खा, गोळी लागत नाही. त्यांनी गोळी सोडली आणि लसूण धरला. एक दिवस रानात पडले. आता डावी बाजू लुळी पडली आहे, तोंडातून शब्द नीट फुटत नाही. तिला हाक मारतात ती तिलाच कळते, दुसऱ्याला कळत नाही.

"माझं पुस्तक पुरं झालं तरी गोळी बंद करायची नाही," ती म्हणाली. "मडक्यातलं दही म्हणजे औषध नाही आजी. आणि त्यात मूठभर मीठ घालून पिलात, ते वेगळंच."

त्याच दिवशी कॉलेजला सुट्टी टाकून ती पंधराही घरी जाऊन आली. प्रत्येक घरी विचारलं, बीपीची गोळी कोण घेतं, ती चालू आहे ना. दोन घरी माझ्यासारखंच झालं होतं. एका घरच्या म्हाताऱ्याने तिला सुनावलं की तूच आशा लावायची आणि तूच काढून घ्यायची. ते तिला लागलं. पण त्यानंतर दर आठवड्याला डबी भरायच्या आधी ती प्रत्येक घरी गोळ्यांची पट्टी बघायची. लोक तिला गोळीवाली बाई म्हणायला लागले. तिला चाललं.

मग माझ्या धाकट्या नातवाची हळद आली. आमच्यात हळद म्हणजे काय ते पनवेलकडच्या माणसाला सांगायला नको. मांडव, बेंजो, हजारभर माणूस. आचाऱ्याला कोशिंबिरीला दही कमी पडलं. तो आत आला, मडकं उचललं आणि तळापर्यंत ओतलं. आवरायला लागलेल्या बायकांनी मडकं साबणाने घासून उन्हात पालथं घातलं. मला कळलं तेव्हा मडक्यात चमचाभरही नव्हतं.

अशा वेळी कुठलीही बाई जे करते तेच मी केलं. रंजनाला वाटी देऊन शेजारी पाठवलं. शेजारी म्हणजे हिराकडे, कारण हळदीच्या गर्दीत लांबच्या घरी जायला वेळ नव्हता. मी स्वतः गेले नाही. सुनेने जायला हरकत नसते. तिने वाटीभर आणलं, मी दूध कोमट करून लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू आली, वास घेतला, विचारलं. मी हो म्हटलं.

खोटं बोलते आहे असं मला वाटलं नाही, खरंच सांगते. विरजण एकदा आपल्या मडक्यात रात्रभर राहिलं की ते आपलं होतं. सून दुसऱ्या घरची असते, आपल्या घरात येते, मग ती आपलीच की. गावात सगळ्यांचीच विरजणं अशी या वाटीतून त्या वाटीत गेलेली. जे दही उद्या मी लावणार ते कालच्याच दह्याचं असणार होतं. फक्त त्या एका दिवसाचं नव्हतं. आणि ते हिराचं होतं, हे सांगायला मला जड गेलं, तेही खरं.

साडेपाच महिने गेले. एक दिवस वैजू कॉलेजातून आली ती पायऱ्या चढली नाही, माझ्याकडे आली. डब्या बर्फात साठवून ठेवायची आणि मग एकदम तपासायची, तशी तपासणी झाली होती. पंधरा घरांत आमचं दही सगळ्यात वर. ती कात्री जेवढी आमच्या दह्याने अडते तेवढी कुणाच्याच नाही. तिचे सर, ज्यांच्या हाताखाली ती हे पुस्तक लिहीत होती, खूश झाले होते. मी रंजनाला ऐकू जाईल असं म्हटलं, माझ्या आईचं विरजण आहे. मग हिराला ऐकू जाईल असंही म्हटलं. भिंत एकच असल्यामुळे ते अवघड नव्हतं.

पण वैजू खूश नव्हती. आमच्याच घराच्या जुन्या डब्या साध्या निघाल्या होत्या. सुरुवातीचे पाच महिने इतरांसारखेच, आणि नंतर एकदम उडी. सर म्हणाले, सुरुवातीला तुझा हात बसला नसेल, तेवढं गाळून टाक आणि पुढचं लिही. ती म्हणाली, हात बसला नव्हता तर बाकीच्या चौदा घरांचं बरोबर कसं आलं?

तिथून ती पोरगी झिजायला लागली. आधी तिने जुन्या सगळ्या डब्या पुन्हा तपासल्या. तेच आलं. मग तबेल्यावर जाऊन म्हशींना काय खायला घालता ते विचारून आली, भय्या तिला चहा पाजून म्हणाला की मॅडम, आजवर म्हशीची चौकशी करायला कुणी आलं नाही. मग माझं मडकं बदलून बघितलं, उष्णतेची नळी बदलली, चमचे बदलले. स्वतःवर संशय घ्यायची. डबी बंद करताना हात धुतला होता का, तारीख चुकली का, त्या दिवसांत बापाला भेटून आले होते तेव्हा लक्ष ठिकाणावर नव्हतं का. जेवण अर्धं झालं. दिलेली भाजी तशीच परत यायची. पुढच्या जूनमध्ये कायमच्या जागेसाठी बोलावणार होते, त्याच्या आत पुस्तक हातात पाहिजे होतं. सर रोज विचारत होते. मी तिला म्हटलं, "सर बोलतात तसं कर ना. मोठा माणूस हाय तो."

"करता येतं आजी," ती म्हणाली. "पण मग पहिले पाच महिने खोटं बोलले का मी? का नंतरचे सहा? दोन्हीतलं एक तर खोटं आहे. कुठलं ते कळंना मला. आणि माझ्याच हाताचं मला कळत नसेल तर मी शिकवायचं काय पोरांना?"

असं म्हणून तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. तिला कुणालातरी दाखवायचं होतं, मला समजेल म्हणून नाही. पानावर तारखा होत्या, पुढे आकडे होते. आकडे मला वाचता येतात. लहान लहान आकडे खाली येत होते आणि एका ओळीनंतर एकदम मोठे होत होते. ती ओळ कुठल्या तारखेची ते मी वाचलं. नातवाच्या हळदीचा दुसरा दिवस.

मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काही बोलले नाही.

याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. कारण हिरा. सांगितलं असतं तर पंधरा घरांत वर आलेलं दही हिराचं, हे गावभर झालं असतं, आणि ते मी गावभर माझं म्हणून सांगून बसले होते. दुसरं कारण, मला वाटलं, चार दिवसांत पोरगी सरांचं ऐकेल आणि सगळं मिटेल. आठ दिवस मी तसंच ठेवलं. आठही दिवस ती सकाळी आली, वास घेतला, विचारलं, आणि मी हो म्हटलं. ते हो मात्र खोटं होतं, कारण आता मला माहीत होतं. आठव्या दिवशी डबी भरायच्या आधी चमचा उकळलाय ना, हे तिने मलाच विचारलं. मग झाकणावर तारीख लिहायला लागली ती भिंतीवरचं कॅलेंडर तीनदा बघून.

मी म्हटलं, "ठेव ती डबी. हे माझं दही नाय. हळदीच्या दिवशी माझं संपलं. हे हिराकडचं हाय."

ती बसली. मला वाटलं आता रडेल नाहीतर ओरडेल. तिने वही काढली आणि विचारायला लागली. हिराकडून किती आणलं, वाटी कुठली, कुणी आणलं, किती वाजता लावलं. मडकं साबणाने धुतलं की राखेने. जुनं दही कुठे तळाला, काठाला राहिलं होतं का. मी आठवून आठवून सांगितलं, रंजनाला बोलावून तिच्याकडूनही वदवून घेतलं. सगळं लिहून झाल्यावर तिने वही मिटली आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे माझा हात बरोबर होता."

मग तिच्या लक्षात आलं की या माहितीचा अर्थ काय. घर पहिलं बाद. अर्धं एक विरजण, अर्धं दुसरं, कुणाचंच वर्ष पुरं नाही. आणि जे सगळ्यात चांगलं निघालं, त्याच्या मूळ घरची एकही डबी तिच्याकडे नाही. ती वही घेऊन वर गेली. चार दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात आली नाही, पुढच्या दाराने ये-जा केली. मी माफी मागितली नाही. मला ते जमत नाही, कधीच जमलं नाही. मी रोज तिच्या दाराशी डबा ठेवून यायची आणि रिकामा डबा धुऊन परत यायचा. म्हणजे जेवत होती.

पाचव्या दिवशी सकाळी खाली आली आणि म्हणाली, "चला आजी. तुमच्या जावेकडं जायचंय. मला एकटीला देणार नाहीत त्या."

बारा वर्षांनी मी हिराच्या ओट्यावर चढले. ती दारात उभी, कमरेवर हात. मला बघून म्हणाली, "वाट चुकलीस का गो?" मी म्हटलं, नाही चुकले, या बाईला तुझं दही पाहिजे. तेव्हा हिरा जी हसायला लागली ती थांबेना. तिला पहिल्यापासून माहीत होतं. रंजना वाटी घेऊन आली तेव्हाच तिने हिशेब लावला होता की आता आपलं दही कॉलेजात जाणार. भिंतीपलीकडून मी माझ्या आईच्या विरजणाचं कौतुक सांगत होते तेव्हा ती आणि तिचा नवरा तोंडाला पदर-टॉवेल लावून हसत बसायचे.

"मंग बोलली का नाय?" मी विचारलं.

"बोलायचं कसं? आपलं बोलणंच बंद हाय ना."

वैजूने मध्ये पडून तिला सगळं समजावलं. वर्षभर रोज, त्याच दह्याने, बदललं तर लगेच सांगायचं. आणि वर्षभर म्हणजे आजपासून. हिराने विचारलं, यात हिचं दही धरणार का? वैजू म्हणाली, तुमचं घर सोळावं. हिराला ते आवडलं नाही. तिला पहिला नंबर पाहिजे होता.

सरांना मात्र हे काहीच पसंत नव्हतं. त्यांनी साधा मार्ग सांगितला. ते दही हिराचंच आहे ना, मग सहा महिने आधीपासून सोळाव्या घराच्या नावावर टाक आणि लिहून मोकळी हो. कुणाला कळणार आहे? वैजू मला येऊन सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, घाल, घाल बाई नावावर, नाहीतर जागा जाईल. ती म्हणाली, "ते दही तुमच्या मडक्यात वाढलं. हिरा आजीच्या मडक्यात काय झालं ते मला कुठं ठाऊक? तेच तर बघायचं होतं मला." तिने पहिल्यापासून वर्ष धरलं. सोळा घरं, सोळा डब्या. माझं घरही ठेवलं. हिराच्या दह्यानेच लावलेलं, तसं लिहून.

जूनमध्ये कायमच्या जागेचं बोलावणं आलं तेव्हा पुस्तक झालं नव्हतं. जागा दुसऱ्याला मिळाली. कॉलेजने पुढच्या वर्षाचा कागद दिला, त्याच्या पुढच्या वर्षी दिला नाही. त्या एका वर्षात ती कशी राहिली ते मी बघितलं आहे. सकाळी माझ्याकडे, मग हिराकडे, मग कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. ती कधी म्हणाली नाही की आजी, हे तुमच्यामुळे. मला न राहवून मीच एकदा विचारलं, राग नाय आला? भांडी विसळत होती. वर न बघता म्हणाली, "आला की. चार दिवस पुढच्या दारानं गेले ते कशासाठी?" आणि पुढचं भांडं घेतलं.

शेवटी निकाल काय लागला, तेही सांगते. हिराच्या घरच्या दह्यात ते तुकडे खरंच जास्त निघाले आणि वर्षभर बरेचसे टिकले. माझ्या मडक्यातल्या हिराच्या दह्यात थोडे कमी. का, ते वैजूला पक्कं सांगता आलं नाही. त्याने माणसाचं बीपी उतरतं का, तर ते तिच्या पुस्तकात नाहीच. ते पुढे कुणीतरी बघावं म्हणाली. हिरा हे ऐकून नाराज झाली. तिला वाटत होतं की पेपरात फोटो येणार. आता आम्ही दोघी बोलतो. फार नाही. खिडकी बुजलेलीच आहे.

वैजूला लातूरजवळ एका कॉलेजात जागा मिळाली. इथल्यापेक्षा लहान कॉलेज, पण घर जवळ, बापाजवळ राहता येतं. ती निघाली त्या दिवशी सामान रिक्षात चढवून झालं आणि ती माझ्याकडे जाडजूड काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आली. ही प्रत तुमची, म्हणाली. सगळं इंग्रजीत. मी उघडलं, आकडे आणि रेघा बघितल्या. एका पानात तिने कागदाची चिठ्ठी घालून ठेवली होती.

"इथं काय लिवलंय?" मी विचारलं.

तिने बोट ठेवून मराठीत सांगितलं, "घर क्रमांक एक. या तारखेला घरात समारंभ होता आणि विरजण संपलं. शेजारच्या घरून नवीन आणलं गेलं. ही माहिती घरच्या बाईंनी स्वतःहून दिली."

"आठ दिवस लपवून ठेवली, ते लिवलंय का?"

"नाही."

"मंग लिव."

"आता छापून झालंय, आजी. विद्यापीठात गेलंय."

"या पुस्तकात तरी लिव. पेनाने."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने पर्समधून पेन काढलं, पुस्तक माझ्या ओट्यावर ठेवलं आणि वाकून त्या ओळीच्या बाजूला मोकळ्या जागेत लिहिलं. मी चष्मा लावून वाचून बघितलं. मराठीत लिहिलं होतं, 'आठ दिवसांनी.' खाली तारीख घातली होती.